कात्री, सुई आणि सही

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये भरलेल्या हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, पंधरा मिनिटं बोला, पण मेंटेनन्सवर नको." त्यांची भीती मी समजू शकतो. सात वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो आणि माझं कुठलंही भाषण सुरू कुठूनही झालं तरी शेवटी थकबाकीवर यायचं. आज तसं होणार नाही. आज मी कागद, कापड आणि सुई-दोरा यांच्याबद्दल बोलणार आहे. थकबाकीचा उल्लेख एकदाच येईल, आणि तीही माझ्या स्वतःच्या.

मी १९७१ साली, म्हणजे बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर दोन वर्षांनी, बी.कॉम. होऊन बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २००९ साली ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं माझ्या हातात कार्डंच होती. शुभेच्छांची नव्हे, नमुना सह्यांची. आजच्या मुलांना हे माहीत नसेल. कॉम्प्युटर यायच्या आधी प्रत्येक खातेदाराची सही एका जाड कार्डावर घेऊन ठेवलेली असे. चेक आला की कार्ड काढायचं, दोन्ही सह्या शेजारी धरायच्या, जुळल्या तर पास, नाही तर परत. 'सही जुळत नाही' हा शेरा मी किती चेकांवर मारला त्याची गणती नाही. कधी काउंटरसमोर एखादे आजोबा उभे असायचे. म्हणायचे, "साहेब, मीच आहे हो." मी म्हणायचो, "आजोबा, तुम्ही तुम्हीच आहात, पण सही तुमची नाही." त्या वेळी मला हे वाक्य फार हुशारीचं वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी माझा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीचा आवाज यायला लागला, मग पेन कागदावर नाचायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पार्किन्सन नाही, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर ठेवला की शांत, काही करायला उचलला की कंप. पुष्कळदा घराण्यात चालत येतो. माझ्या वडिलांनाही होता, आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो. जिवाला धोका नाही म्हणाले. ते ठीकच, पण त्याच महिन्यात सोसायटीला दिलेला माझा मेंटेनन्सचा चेक परत आला. शेरा तोच. सही जुळत नाही.

त्या वेळचे खजिनदार घरी आले. चपला बाहेर काढून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "काका, काहीतरी टेक्निकल झालंय." थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावायची पद्धत मीच सुरू केली होती. त्यांनी माझं नाव यादीत घातलं नाही. ते आज इथे बसले आहेत. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

त्यानंतर मी कट्ट्यावर जायचं सोडलं. कट्ट्यावर चहा असतो आणि चहाला कप असतो. लग्नाकार्यात जेवायचं टाळायला लागलो. ऑनलाइन पैसे भरायला शिकलो, ते काही हौसेनं नाही, सही करावी लागू नये म्हणून. घरात लोकांना वाटायचं हे चिडचिडे झालेत. तसं नव्हतं. अडतीस वर्षं ज्या हातानं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, तो हात कुणी बघू नये असं वाटायचं.

यातून बाहेर काढलं ते माझ्या नातीनं, आणि तेही तिच्या कामासाठी. तिला शाळेत भेटकार्ड करून न्यायचं होतं, आणि आमच्या घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. तुमच्याही घरी असेल. पत्रिकेवर गणपती असतो, त्यामुळे ती कचऱ्यात टाकायचा धीर होत नाही आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही. नात म्हणाली, "आबा, तू हे काप, मी चिकटवते." मी म्हटलं, "माझा हात हलतो." ती म्हणाली, "मग डोंगर काप. डोंगराला सरळ रेघ नसते." तिला माझ्यावर उपकार करायचे नव्हते, तिला उद्या सकाळपर्यंत कार्ड हवं होतं. मी डोंगर कापले. हिरव्या पत्रिकेचे मागचे, चॉकलेटी पत्रिकेचे पुढचे, मध्ये एका सोनेरी पाकिटाचा सूर्य. कार्ड शाळेत गेलं. मला मात्र रात्री झोप लागेना, कारण अजून चाळीसएक पत्रिका शिल्लक होत्या!

मंडळी, इथून माझा छंद सुरू झाला. थोडं तंत्र सांगतो, म्हणजे आजच्या प्रदर्शनातली कार्डं बघताना मजा येईल.

पहिली गोष्ट कागदाचं वजन. पाकिटावर ८० जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. ए-फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे एक कागद ५ ग्रॅमचा. कार्डाला असा कागद उभा राहत नाही, अडीचशे-तीनशेचा लागतो. जाड लग्नपत्रिका साधारण तेवढ्याच भरतात, आणि फुकट असतात.

दुसरी गोष्ट, कागदालाही लाकडासारखा धागा असतो. कागद आधी उभा आणि मग आडवा, हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूनं तो निमूट वाकतो, तिकडे धागा. घडी त्या दिशेनं घातली तर कड फुटत नाही. जाड कागदाला घडी घालण्यापूर्वी स्टीलची पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेननं एक रेघ दाबून ओढायची. म्हणजे घडी अगदी नव्या पासबुकासारखी बसते.

तिसरी गोष्ट मला माझ्या हातानंच शिकवली. कापण्यापेक्षा फाडावं. धाग्याच्या दिशेनं कागद बराचसा सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. फाटलेल्या कडेला आतला पांढरा तंतू दिसतो. तो कधी लाटेचा फेस होतो, कधी ढगाची कड. कात्रीला स्थिर हात लागतो, फाडायला लागत नाही. आणि कोपर टेबलावर टेकवलं की थरथर थोडी आवरते. फेव्हिकॉल मात्र बोटाच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावा, नाहीतर कागदाला फुगा येतो. चिकटवून झालं की रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवायचं. माझी आयकराची जुनी पुस्तकं यासाठी फार उपयोगी पडली. अखेर ती कुणाच्या तरी उपयोगी पडली!

माझी ही प्रगती सौ. शांतपणे बघत होती. एक दिवस तिनं कपाटाच्या वरच्या खणातून एक ट्रंक काढली. त्यात आमच्या लग्नातलं तिचं रुखवत होतं. क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, मॅटीच्या कापडावर उलट्या टाक्यानं भरलेलं 'सुस्वागतम्'. ते 'सुस्वागतम्' आमच्या चाळीतल्या खोलीत नऊ वर्षं दारासमोर होतं आणि मी त्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. ती विणायला बसली की मी म्हणायचो, "चालू दे तुझा टाइमपास." मी खुर्चीत बसून पेपर वाचत असायचो, तो मात्र टाइमपास नव्हे! आता मी ते कापड उलटं करून बघितलं. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ. एक गाठ दिसत नाही. बँकेत आम्ही म्हणायचो, खरा कारकून व्हाउचरच्या मागच्या बाजूवरून कळतो. मी तिला म्हटलं, "हे सांगायला पन्नास वर्षं लागली, पण फार सुंदर आहे." ती म्हणाली, "अहो, ते माहीत आहे मला. तुम्ही सुईत दोरा ओवून दाखवा." तो मला आजही जमत नाही. ती ओवते, मी शिवतो.

माझ्या आजोळी देवघराशेजारी राजा रविवर्म्याच्या छापखान्यातलं लक्ष्मीचं चित्र होतं. लहानपणी मला वाटायचं, त्या लक्ष्मीची साडी खरी आहे. ती खरीच होती. छापील चित्रावर आजीनं जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली चित्रं घरोघरी गेली, आणि घरोघरच्या बायकांनी त्यांना अशी वस्त्रं नेसवली. चित्रकाराचं नाव आपण घेतो. ती साडी कुणी नेसवली हे कुणी लिहून ठेवलं नाही.

ज्यांना वाटतं की हात धड नसला, डोळा धड नसला की संपलं, त्यांच्यासाठी दोन नावं सांगतो. फ्रान्सचे चित्रकार आंरी मातिस. १९४१ साली मोठं ऑपरेशन झालं, उभं राहून चित्र काढणं अवघड झालं. मग ते चाकाच्या खुर्चीत, अंथरुणात बसून रंगवलेले कागद कात्रीनं कापायला लागले, आणि १९५४ साली जाईपर्यंत त्यांनी जी कामं केली ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. दुसरे आपले शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी. पन्नाशी ओलांडल्यावर डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांनी हातानं चाचपून कागद कापले, चिकटवले, कोलाज केली. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. मी काही मातिस नव्हे. पण कपाचं निमित्त करून कट्टा सोडणाऱ्या माणसाला ही माहिती उपयोगी पडते.

आता सोसायटीच्या गोष्टीकडे येतो. कार्डं वाढली, द्यायची कुणाला? मी एक जुनी लेजर वही काढली, अठ्ठेचाळीस फ्लॅटची अठ्ठेचाळीस पानं केली आणि सगळ्यांचे वाढदिवस लिहून घेतले. तेव्हापासून वाढदिवसाच्या सकाळी तुमच्या पत्रपेटीत कार्ड येतं. काही तरुण मंडळी म्हणाली, "काका, व्हॉट्सॲपवर टाका ना, कागद वाचेल." मी त्यांना सांगितलं, "कागद वाचवलेलाच आहे, ती तुमच्याच लग्नाची पत्रिका आहे."

या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही, आणि सांगायची परवानगी मी घेतली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन महिने मुलीकडे बंगळूरला गेलो होतो. जाताना मी त्या दोन महिन्यांची कार्डं करून, पाकिटांवर तारखा घालून वॉचमनकडे दिली. त्या काळात बी विंगमधले आपले एक ज्येष्ठ सभासद गेले. बातमी कळली, मी वहिनींना फोनही केला. पण वॉचमनकडच्या गठ्ठ्यात त्यांच्या वाढदिवसाचं कार्ड आहे, हे मला आठवलं नाही. वॉचमननं त्याचं काम चोख केलं. माणूस गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी त्यांच्या नावानं 'शतायुषी व्हा' असं कार्ड पेटीत पडलं.

परत आल्यावर मला हे कळलं. सौ. म्हणाली, "आत्ता जा." मी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. हात इतका थरथरत होता की बेल दोनदा वाजली. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, पेला मी दोन्ही हातांनी धरला. मी म्हटलं, "वहिनी, माझ्या हातून फार मोठा अपराध झाला." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. दोन दिवस तुमचा राग आला. पण ते गेल्यापासून त्यांच्या नावानं नुसती बिलं आणि फॉर्म येत होते. हे एकच आलं ज्यात ते मेले नव्हते." कार्ड त्यांनी ठेवून घेतलं आहे. मी वहीची पद्धत बदलली. आता कार्ड त्याच दिवशी सकाळी मी स्वतः पेटीत टाकतो, आणि बाहेरगावी असलो तर कार्ड जात नाही.

समोर भिंतीवर जी गोधडी लावली आहे, तिची कल्पना याच वहिनींची. निघताना त्या म्हणाल्या, "यांचे शर्ट आहेत. द्यायला मन होत नाही, ठेवायलाही होत नाही. तुम्ही कागदाचं करता तसं कापडाचं काही होईल का?" सौ. म्हणाली, गोधडी होईल. आणि रौप्यमहोत्सव येतोच आहे, तर एकट्यांचीच कशाला, सगळ्या सोसायटीची होऊ दे.

हिशेब माझ्याकडे होता. अठ्ठेचाळीस फ्लॅट, म्हणजे आडवे सहा आणि उभे आठ चौकोन. प्रत्येक तुकडा अकरा इंच कापायचा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेला की दहा उरतो. भोवती पाच इंचाची किनार. एकूण सत्तर बाय नव्वद. कापड सुतीच हवं, कारण टेरिकॉट सुईखालून निसटतं. आणि आधी धुतलेलं हवं, नाहीतर पहिल्याच धुण्यात एक तुकडा आटतो आणि दुसऱ्याचा रंग शेजाऱ्याला लागतो. सोसायटीतही असंच होतं म्हणा. आत जुन्या सुती साड्यांचे दोन थर आहेत आणि खाली एका आजींचं नऊवारी लुगडं, दोन पन्हे जोडून.

तुकडे गोळा करायला मी आणि सौ. प्रत्येक दारात गेलो. पाच वर्षं ज्या दारांसमोरून मी मान खाली घालून गेलो होतो, त्या प्रत्येक दारात. कुणी बाळाची दुपटी दिली, कुणी इरकलीचा पदर, एका गुजराती कुटुंबानं बांधणीचा तुकडा दिला. एका घरी सूनबाई संकोचून म्हणाल्या, "आम्ही भाडेकरू आहोत, आमचा चालेल का?" मी सांगितलं, "गोधडीला शेअर सर्टिफिकेट लागत नाही." तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथा, निळ्या चौकड्यांचा तुकडा आहे, तो वहिनींनी दिलेल्या शर्टाचा.

चौकोन मशिनवर जोडले. मग सगळे थर जमिनीवर पसरून, मधून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घातले आणि पुढे सगळा हाताचा धावदोरा. एकेक इंचावर ओळ, म्हणजे नव्वद इंचांच्या सत्तर ओळी. इंचाला तीन टाके धरले तर १८ हजार ९०० टाके होतात. अकरा भगिनी आणि आम्ही तीन पुरुष, दर बुधवारी दुपारी, चार महिने बसलो. माझ्या ओळी तुम्हाला लगेच ओळखू येतील. त्या सरळ जात नाहीत, आणि इंचाला दोनच टाके आहेत. मी सौ.ला म्हटलं होतं, त्या उसवून नीट घाल. ती म्हणाली, "उसवणार नाही. तुम्ही बसला होतात हे कळायला नको का?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या आठवड्यात मी बँकेत गेलो आणि नव्या नमुना सहीचा फॉर्म मागितला. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं फॉर्म दिला, ओळखपत्र बघितलं, म्हणाली, "सर, सावकाश करा." मी कोपर काउंटरवर टेकवलं आणि थरथरत सही केली. जशी होते तशी. आता तीच माझी सही आहे आणि गेल्या महिन्याचा मेंटेनन्सचा चेक पास झाला आहे. सेक्रेटरीसाहेब, उल्लेख एकदाच करणार म्हटलं होतं, हा दुसरा झाला. माफी असावी.

हात बरा झाला का? नाही, आणि छंदानं तो बरा होतो असं मी कुणाला सांगणार नाही. कपात चहा आजही अर्धाच घेतो, पण कट्ट्यावर घेतो.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. हातकागद तिथे सुती चिंध्यांपासून करतात. कातरकाम करताना उरलेलं कापड भिजवून, कुटून, त्याचा लगदा होतो आणि लगद्याचा कागद. हे कळल्यापासून मी चिंधी टाकत नाही. गोधडीच्या उरलेल्या चिंध्या एका पिशवीत भरून ठेवल्या आहेत.

शेवटी दोन विनंत्या. बुधवारी चार ते सहा आम्ही याच हॉलमध्ये बसतो. येताना जुन्या पत्रिका आणि धुतलेलं सुती कापड आणा. येत नाही म्हणणाऱ्यांनी आधी यावं, पुरुषांनी तर जरूर यावं. आणि दुसरी, ही गोधडी कपाटात ठेवण्यासाठी केलेली नाही. ज्या घरी बाळ येईल, आजारपण येईल किंवा माणूस जाईल, त्या घरी ती महिनाभर राहील. ऑफिसमध्ये रजिस्टर ठेवलं आहे. नाव, फ्लॅट नंबर, तारीख लिहा आणि सही करा. सही कशीही असली तरी चालेल. ती मी तपासणार नाही.